‘टाकाऊ’ या एका शब्दानंतर

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातील ओळख पटेल असा तपशील वगळून सारांश देते.

‘मी ४४ वर्षांची असून फोर्टमधील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. गेली नऊ वर्षे आम्ही सहा जणी सकाळच्या एकाच फास्ट लोकलने, बायकांच्या एकाच डब्यातून प्रवास करतो. हळदीकुंकवापासून मुलांच्या दहावीच्या निकालापर्यंत सगळे त्या डब्यातच साजरे झाले. अलीकडे आमचे बोलणे बहुतेक वेळा मोबाईलवर पाहिलेल्या मालिकांविषयी असते. आमच्यापैकी एक जण सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिने आग्रह केला म्हणून मी ‘मुंबई डायरीज २६/११’ ही, २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री एका सरकारी रुग्णालयात घडणारी मालिका शनिवार-रविवारी सलग पाहिली आणि सोमवारी गाडीत म्हणाले, “अगदी टाकाऊ आहे. रुग्णालयात असले काही होत नसते, नुसता भडकपणा.” ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या लेडीज डब्यात चढू लागली, त्याला आता महिना झाला. मागाहून मला दुसऱ्या मैत्रिणीकडून कळले की, २००८ साली त्या रात्री ती स्वतः ड्यूटीवर होती आणि तिला नोकरी लागून तेव्हा काही महिनेच झाले होते. नऊ वर्षांत तिने हे आमच्यापैकी एकीलाच सांगितले. मला वाईट वाटते, पण मालिका आवडली नाही हेही खरे आहे. दुसरे पर्व मात्र मला आवडले, कारण त्यात मुंबईतला पूर आहे आणि २००५ च्या पुरात मी विक्रोळीजवळ गाडीत रात्र काढली होती. आता मी सगळ्याच मालिकांना “छान आहे” म्हणते. माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो की, तुझ्याशी सिरीजबद्दल बोलण्यात अर्थ नाही, तू एक तर “बंद कर” म्हणतेस, नाही तर “छान”. त्यात ग्रुपवर रोज कोणी ना कोणी कशाचा तरी शेवट सांगून मोकळे होते. मत सांगायचे तरी कसे?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर उत्तर लिहिण्यापूर्वी मी ती मालिका पुन्हा पाहिली. आठ भाग मी चार रात्रींत पाहिले, कारण ज्या मालिकेवरून नऊ वर्षांची सोबत तुटली तिच्याविषयी जुन्या, अर्धवट आठवणीवर विसंबून लिहिणे मला योग्य वाटले नाही. तुम्हाला ती आवडली नाही याबद्दल तुमचे काही चुकले असे मला वाटत नाही. अनेक ठिकाणी पार्श्वसंगीत प्रसंगाच्या आधी धावते, पात्रांच्या खासगी आयुष्यातील सगळ्या गाठी त्या एकाच रात्रीत सुटाव्यात किंवा पडाव्यात असा अट्टहास जाणवतो, आणि काही संवाद रुग्णालयाच्या मार्गिकेत बोलले जाण्याऐवजी व्यासपीठावरून बोलल्यासारखे वाटतात. त्याच वेळी, साधनसामग्री अपुरी असलेल्या सरकारी रुग्णालयात एकाच वेळी शेकडो माणसे आली तर कोणाकडे आधी धावायचे, हा पेच मालिकेने चांगला पकडला आहे. त्याच दिवशी कामावर रुजू झालेल्या तीन शिकाऊ डॉक्टरांच्या नजरेतून तो दाखवण्याची युक्तीही मला आवडली. त्यातील मृण्मयी देशपांडे यांनी साकारलेली मुलगी बोलते कमी आणि पाहते जास्त, आणि तिच्या त्या पाहण्यात मला सरकारी रुग्णालयात पहिले पाऊल टाकणाऱ्या कितीतरी मुली दिसल्या. माझे मत असे संमिश्र आहे. तुमचे याहून कडक असेल, तरी ते बाळगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता तुम्ही सोमवारी जे बोललात त्याकडे नीट पाहू. त्यात दोन वाक्ये आहेत आणि पत्रात तुम्ही ती एकाच दमात लिहिली आहेत, जणू दोन्हींचा अर्थ एकच. ‘टाकाऊ आहे’ हे मालिकेविषयीचे मत झाले. शब्द कठोर असला तरी तो मालिकेला लागू होतो आणि मालिका तो सहन करू शकते. ‘रुग्णालयात असले काही होत नसते’ हे मात्र मालिकेविषयीचे मत राहिलेच नाही. ते रुग्णालयाविषयीचे विधान झाले, आणि ते तुम्ही अशा बाईसमोर केलेत की जिने आपले सारे कामाचे आयुष्य रुग्णालयात घालवले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती पहिल्या वाक्याने दुखावली गेली नसावी. नऊ वर्षांच्या मैत्रीत ‘टाकाऊ’, ‘रटाळ’, ‘नुसते पाणी घातले आहे’ असे शब्द तिने तुमच्या तोंडून शंभर वेळा ऐकले असतील. तिला लागले ते दुसरे वाक्य असावे, कारण त्याला उत्तर द्यायचे तर तिला ती रात्र सांगावी लागली असती, आणि सकाळच्या गर्दीत, उभ्या बायकांच्या पर्सा खांद्याला घासत असताना, ती सांगण्याजोगी नव्हती.

ती रात्र तुमच्या रोजच्या वाटेवरचीच आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवाद्यांनी ज्या ठिकाणी गोळीबार केला, त्यांत तुम्ही रोज उतरता ते छत्रपती शिवाजी टर्मिनसही होते. तिथल्या मुख्य सभागृहात आणि फलाटांवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. तिथून हल्लेखोर पादचारी पुलावरून जवळच्या कामा रुग्णालयात शिरले, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी प्रसूतीच्या वॉर्डातील गरोदर स्त्रियांना आतल्या खोलीत नेऊन, दिवे मालवून वाचवले, ही गोष्ट तेव्हापासून अनेकदा सांगितली गेली आहे. पुढच्या तीन दिवसांत एकूण १६६ माणसांचे प्राण गेले आणि शेकडो जखमींना शहरातील निरनिराळ्या रुग्णालयांत दाखल करण्यात आले. मालिकेतील बॉम्बे जनरल हॉस्पिटल काल्पनिक आहे, तिथले डॉक्टरही काल्पनिक आहेत, पण ज्या बाईने त्या रात्री एखाद्या खऱ्या रुग्णालयाच्या फरशीवर गुडघे टेकून काम केले असेल, तिच्यासाठी त्यातील काय काल्पनिक आणि काय नाही याची रेषा तुमच्या-माझ्यापेक्षा फार वेगळ्या ठिकाणी असणार.

तुमच्याच पत्रात, अगदी ओझरता, या प्रश्नाचा उलगडा आहे. दुसरे पर्व तुम्हाला आवडले. ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आले. रुग्णालय तेच, मांडणारे तेच, भाग तेवढेच आठ, आणि पार्श्वसंगीताचा सोसही तोच. पहिल्या पर्वात जो भडकपणा तुम्हाला खटकला तो दुसऱ्यात कमी झाला आहे असे मला तरी आढळले नाही. फरक असा की, दुसऱ्या पर्वात मुंबई पाण्याखाली जाते, आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, तुम्ही विक्रोळीजवळ थांबलेल्या गाडीत होता. तुम्ही लिहिले आहे की, डब्यातील एका अनोळखी आजीने तिच्या पिशवीतील राजगिऱ्याच्या वड्या सगळ्यांना अर्धी-अर्धी वाटून दिल्या आणि पहाटे रुळांवरून चालताना पाणी मांडीपर्यंत होते. मालिकेत पाणी चढू लागले की तुम्हाला त्या वड्यांची चव आठवली. त्यापुढे पार्श्वसंगीत तुमच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाही. असे व्हावे यात गैर काही नाही. मात्र तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत पहिल्या पर्वात हेच झाले असावे, एवढे मनाशी मान्य करून पाहा. समजा तिने दुसरे पर्व पाहून सोमवारी म्हटले असते की, ‘पुरात असले काही होत नसते,’ तर तुम्ही काय केले असते? बहुधा तुम्हीही दुसऱ्या डब्यात चढला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, मालिकेविषयी मत सांगताना आपण ती कुठे उभे राहून पाहिली तेही त्याबरोबर सांगावे, आणि ज्या जगाची आपल्याला माहिती नाही त्या जगाविषयी निकाल देण्याऐवजी तिथे प्रश्न विचारावा. ‘मला तो ऑपरेशन थिएटरमधला प्रसंग खरा वाटला नाही, तुझ्याकडे असे होऊ शकते का?’ एवढे वाक्य तुम्ही म्हटले असते, तरी तुमचे न आवडणे जसेच्या तसे राहिले असते आणि तिच्या हाती एक दार आले असते, जे तिने उघडायचे की नाही हे तिने ठरवले असते.

यासंबंधी माझाच एक अनुभव सांगते. माझे थोरले मामा परभणी जिल्ह्यातले. २०२४ च्या दिवाळीत ते आमच्याकडे मुलुंडला आले असताना आम्ही ‘मानवत मर्डर्स’ लावली. १९७२ ते १९७४ या काळात त्याच जिल्ह्यातील मानवत गावात स्त्रियांचे आणि लहान मुलींचे जे खून झाले त्यांच्यावर आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केलेल्या तपासावर ती आधारलेली आहे. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे आहे आणि कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. चौथ्या भागानंतर मी चहा ठेवायला उठले आणि उठता उठता म्हणाले, ‘चांगली आहे, पण फार संथ आहे. आठ भाग कशाला हवे होते, पाचांत आटोपली असती.’ मामांनी रिमोट उचलून चित्र थांबवले. क्षणभर ते पडद्याकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, ‘ते दिवस संथच होते गं. संध्याकाळ संपता संपत नसे. आईने आमच्या खिडकीला आतून गोणपाट ठोकले होते आणि धाकट्या बहिणीला पायखान्याला जायचे तर आम्ही दोघे भाऊ कंदील घेऊन सोबत जायचो.’ ती धाकटी बहीण म्हणजे माझी आई. ती हयात असताना तिने मला हे कधी सांगितले नव्हते. चहा गॅसवर उतू गेला, कारण आम्ही दोघेही उठलो नाही.

ती मालिका आठ भागांत मांडणे आवश्यक नव्हते, असे माझे आजही मत आहे. मधल्या दोन भागांत तपास एकाच जागी घुटमळतो आणि संकलनाने ते सावरायला हवे होते. मामांच्या आठवणीमुळे हे मत मी बदलले नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. तरीही, ‘संथ आहे’ या माझ्या दोन शब्दांमुळे ते बोलले आणि तुमच्या वाक्यामुळे तुमची मैत्रीण गप्प झाली, यात फरक कशाचा, याचा मी विचार केला. मी वेगाविषयी बोलले होते. ‘खेड्यात असले काही होत नसते’ असे मी म्हटले असते, तर मामांनी चित्र थांबवले नसते. त्यांनी चष्मा काढून ठेवला असता आणि ‘झोप आली’ म्हटले असते.

आता तुमच्या ‘छान आहे’कडे वळते, कारण त्याची मला अधिक काळजी वाटते. एका शब्दाने कोणी दुखावले म्हणून तुम्ही मत देणेच थांबवले आहे, आणि याला तुम्ही समंजसपणा म्हणता. तुमच्या मुलाने याचा अर्थ बरोबर ओळखला आहे. त्याला कळते की, तुम्ही आता त्याच्याशी बोलत नाही, केवळ वाद टाळता. मैत्रिणींनाही ते कळत असेलच. ज्या मैत्रिणीने ‘बघच’ म्हणून एखादी मालिका सुचवली, तिने तुमच्या सहा-सात तासांची जबाबदारी घेतलेली असते. त्यानंतर तिला ‘छान’ या शब्दापलीकडे काही मिळाले नाही, तर पुढच्या वेळी ती सुचवण्याच्या फंदात पडत नाही.

या मालिका ज्या सेवांवर आपण पाहतो, त्यांनी मत ही गोष्ट फार लहान करून टाकली आहे, हेही मला इथे नमूद करावेसे वाटते. नेटफ्लिक्सवर पूर्वी पाचपैकी तारे देता येत. २०१७ साली ती पद्धत बंद होऊन वर किंवा खाली अंगठा आला आणि २०२२ साली फार आवडले तर दोन अंगठे आले. तो अंगठा यंत्रासाठी असतो. पुढे तुम्हाला काय दाखवायचे हे ठरवायला त्याला तेवढे पुरते, आणि त्या कामासाठी ती सोय योग्यच आहे. समोर बसलेल्या माणसाला मात्र अंगठ्यातून काही मिळत नाही. आपण दिवसभर तेच करत राहिलो की बोलण्यातही तीच सवय उतरते, आणि मग ‘भन्नाट’ किंवा ‘टाकाऊ’ यांच्या मधला सगळा प्रदेश ओसाड पडतो. मराठीत त्या प्रदेशासाठी शब्दांचा तोटा नाही. मालिका ताणलेली असू शकते, ओढून-ताणून जुळवलेली असू शकते, सुरुवातीला पकड घेऊन मध्ये ढिली पडू शकते, डोक्यावरून जाऊ शकते, जीव टांगणीला लावू शकते, किंवा मनाला चटका लावून जाऊ शकते. यांतला प्रत्येक शब्द वापरल्यावर ऐकणारी विचारते, ‘कुठे?’ आणि त्या ‘कुठे’चे उत्तर देताना आपण एखादा प्रसंग सांगतो. एक प्रसंग, तो पाहताना आपल्याला काय झाले, आणि तसे का झाले असावे, एवढे सांगितले की मत पुरते सांगून होते. मग ते प्रतिकूल असले तरी ऐकणारीला अपमान वाटत नाही, कारण तिला तुमच्याशी असहमत होण्यासाठी काहीतरी हाती लागते.

शेवट फोडण्याच्या तक्रारीविषयी थोडक्यात लिहिते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे चाळीत ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या दारात सगळा मजला गोळा होऊन एकच भाग एकाच वेळी पाहत असे. दुसऱ्या दिवशी नळावर कोणी काहीही बोलले तरी कोणाचे काही बिघडत नसे, कारण सगळे एकाच जागी पोहोचलेले असत. २०१३ साली नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे पहिले पर्व, तेराच्या तेरा भाग, एकाच दिवशी उपलब्ध केले आणि ही पद्धत रूढ झाली. आता तुमच्या सहा जणींपैकी एक दुसऱ्या भागावर, एक सातव्यावर आणि एकीने तर शनिवारी रात्रीच सगळे उरकलेले, असे असते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. ग्रुपवर एवढा नियम करा की, बोलण्याआधी ‘कितव्या भागापर्यंत आलीस?’ असे विचारायचे आणि शेवटाविषयीचे बोलणे फक्त गाडीत, संबंधितांनी पाहून झाल्यावर करायचे. माझ्या पाहण्यातील दोन-तीन ग्रुपमध्ये हे जमले आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. तुम्ही पत्राच्या शेवटी, वरील सारांशात मी घेतला नाही असा एक परिच्छेद लिहिला आहे. ‘ॲडोलेसन्स’चा पहिला भाग मुलाने लावला, तुम्ही वीस मिनिटे पाहून तो बंद करायला लावला, आणि ‘असले घाणेरडे काही बघायचे नाही’ असे म्हणालात. ही २०२५ च्या मार्चमध्ये आलेली ब्रिटिश मालिका आहे. चारच भाग आहेत आणि प्रत्येक भाग कुठेही न तोडता, कॅमेरा एकदा सुरू करून एकाच सलग चित्रणात टिपलेला आहे. सुरुवातीलाच पहाटे पोलीस दार फोडून एका साध्या घरात शिरतात आणि १३ वर्षांच्या मुलाला, शाळेतील एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून, अंथरुणातून उचलून नेतात. त्या मुलाची भूमिका करणाऱ्या ओवेन कूपरला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो १५ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाचा. ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली, कारण मुलांच्या हातातील फोनमध्ये काय चालते हे पालकांना आणि शिक्षकांना कळत नाही, या प्रश्नावर बोलायला तिने जागा करून दिली. पुढचे मी सांगत नाही, तुम्ही ती अजून पाहायची आहे.

तुम्ही ज्याला घाणेरडे म्हणालात त्या वीस मिनिटांत तुम्हाला भीती वाटली असावी. दार बंद करून आत बसलेला आपला मुलगा काय करतो हे आपल्याला ठाऊक नाही, ही ती भीती. डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या घरातही ती असू शकते, कारण कानाला हेडफोन लावले की माणूस तिथल्या तिथे दुसऱ्या खोलीत जातो. मुलाने मात्र ऐकले ते वेगळे. त्याने ऐकले की, आपण आणलेली गोष्ट आईला घाण वाटली, म्हणजे आपली निवडही घाण आहे. ही मालिका त्याने स्वतःहून बैठकीच्या टीव्हीवर, तुमच्या समोर लावली, याकडे तुमचे लक्ष गेले नाही. जे लपवायचे असते ते मुले मोबाईलवर पाहतात. त्याला बहुधा ती तुमच्याबरोबर पाहायची होती. वयाच्या दृष्टीने काय दाखवावे याबाबत तुम्ही दक्ष राहणे योग्यच आहे. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मालिकेवर सात, तेरा, सोळा वर्षांवरील किंवा केवळ प्रौढांसाठी असे वर्गीकरण दाखवावे लागते, ते आधी पाहून घ्या. ते पटले नाही तर आधी एकट्याने चारही भाग पाहा आणि मग ठरवा. पण ठरवल्यावर त्याला कारण सांगा, आणि ते खरे कारण असू द्या. ‘मला ते पोलीस घरात शिरले तेव्हा तू डोळ्यांसमोर आलास आणि पुढे बघवेना’ हे वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाला समजते. तिसरा भाग, ज्यात तो मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ एका खोलीत समोरासमोर बसून बोलतात, तो तुम्ही दोघांनी एकत्र पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. पाहून झाल्यावर लगेच काही विचारू नका. जेवायला बसल्यावर तो बोलला तर ऐका, आणि तो जे म्हणेल ते चुकीचे वाटले तरी पहिली पाच मिनिटे दुरुस्त करू नका.

आता मैत्रिणीविषयी. तुम्ही विचारले आहे की, फोनवर क्षमा मागावी की संदेश पाठवावा. माझ्या मते दोन्ही नको. संदेशात तुम्ही ‘तू त्या रात्री ड्यूटीवर होतीस हे मला ठाऊक नव्हते’ असे लिहाल, आणि त्यामुळे ज्या मैत्रिणीने तुम्हाला ते सांगितले ती अडचणीत येईल. शिवाय जी गोष्ट तिने नऊ वर्षे स्वतःजवळ ठेवली, ती तुम्ही मोबाईलच्या पडद्यावर तिच्यापुढे मांडाल. ती तिची गोष्ट आहे आणि केव्हा, कोणाला, किती सांगायची हे तिच्याच हाती राहू द्या.

एखाद्या सोमवारी तुम्ही नेहमीचा डबा सोडून पुढच्या डब्यात चढा. बाकीच्या चौघींना बरोबर नेऊ नका. तिच्या शेजारी उभे राहा आणि चूक झाली ती नेमक्या शब्दांत सांगा. ‘रुग्णालयात असे होत नसते असे मी म्हणाले, ते मी म्हणायला नको होते. मला रुग्णालयातले काय कळते? मी तर फक्त पेशंट म्हणून आत गेले आहे.’ एवढे पुरे. मालिका आवडली असे खोटे सांगू नका, ती तुम्हाला ओळखते आणि तिला ते पटणार नाही. त्यानंतर दुसऱ्या पर्वाविषयी बोला, आणि तिथे तुमच्याकडे सांगण्याजोगे आहे ते सांगा. विक्रोळीची रात्र, त्या आजी, अर्ध्या-अर्ध्या वड्या, मांडीपर्यंतचे पाणी. ते तुम्ही मला दोन पाने लिहून पाठवलेत, आणि पत्रावरून असे दिसते की गाडीतील मैत्रिणींना तुम्हीही ते कधी पुरते सांगितलेले नाही.

तिने त्या दिवशी काही सांगितले नाही, तर पहिल्या पर्वाचा विषय तुम्ही पुन्हा काढू नका. दुसऱ्या दिवशीही त्याच डब्यात चढा. ठाण्याला तिसरी सीट रिकामी झाली तर तिला बसू द्या आणि तुम्ही तिघींच्या बाकाच्या कडेला, चौथ्या सीटवर टेका. मुलगा काय म्हणाला ते सांगा. सध्या ती कोणती मालिका पाहते आणि कितव्या भागापर्यंत आली आहे, ते विचारा.